चिमटीतला डोस

मनमाडला आमच्या गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान आहे. निवृत्त झाल्यापासून सकाळचा चहा झाला की मी तिथल्या बाकावर टेकतो. मागच्या पावसाळ्यात नगरपालिकेची धूरफवारणी झाली आणि निम्मा धूर दुकानात शिरला. शेठ खोकत खोकतच एका बाईंना मिठाचा पुडा देत मला म्हणाले, “भाऊ, तुम्ही जन्म हिवतापात काढला. एक सांगा. या पुड्यात आयोडीन घालता येतं, तर मलेरियाची गोळी कुटून का घालत नाहीत? धूर नको, घरोघरी हिंडणं नको. ज्याच्या त्याच्या भाजीत औषध.”

त्या बाई हसल्या. मला हसू आलं नाही. शेठना पडलेला हा प्रश्न सत्तरेक वर्षांपूर्वी ब्राझीलमधल्या एका डॉक्टरला पडला होता, आणि त्यानं ते करूनही पाहिलं होतं.

त्याची गोष्ट सांगण्याआधी आमचं काम काय होतं ते सांगतो. त्याशिवाय या कल्पनेची भुरळ कळायची नाही.

मी बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी म्हणून लागलो. कागदावर एवढं लांबलचक नाव, गावात मात्र ‘मलेरियावाले भाऊ’. नांदगाव तालुक्यातली गावं, मळे, वस्त्या. पंधरवड्यातून एकदा प्रत्येक दारात जायचं आणि विचारायचं, “कुणाला ताप आहे? येऊन गेलाय?” ताप असेल त्याच्या बोटाला सुई टोचायची, काचपट्टीवर एक जाड ठिपका आणि एक पातळ थर घ्यायचा, नंबर टाकायचा, आणि तिथल्या तिथे क्लोरोक्विनच्या गोळ्या द्यायच्या. मोठ्या माणसाला चार, मुलांना वयाप्रमाणे कमी. मग दाराशेजारी भिंतीवर तारीख टाकून सही. साहेब तपासणीला आले की माणसांशी बोलण्याआधी भिंती वाचायचे. वर्षाकाठी शंभरातल्या किमान दहा माणसांचं रक्त तपासलं गेलंच पाहिजे, असा दंडक होता. पट्ट्या प्रयोगशाळेत जात, जेएसबी रंगात बुडवल्या जात. त्या नावातले ‘जेएस’ म्हणजे जसवंत सिंग आणि ‘बी’ म्हणजे भट्टाचार्जी. हा स्वस्त आणि झटपट रंग आपल्याच लोकांनी शोधलेला, हे आमच्यातल्या निम्म्यांना ठाऊक नसे. पट्टीत जंतू निघाला की पुन्हा त्याच दारात, या वेळी प्रायमाक्विन घेऊन.

सगळं सुरळीत चाले ते गोळी हातावर पडेपर्यंत. क्लोरोक्विन कडू जहर. उपाशीपोटी घेतली तर मळमळून उलटी. पोरं गुळाच्या खड्यात दडवलेली गोळीसुद्धा बरोबर शोधून थुंकायची. ताप उतरलेला असेल तर मोठी माणसंही म्हणायची, “ठेवा, रात्री जेवल्यावर घेतो.” ती रात्र यायची नाही. पुढच्या फेरीत त्याच घराच्या देवळीत, उदबत्तीच्या पुड्याशेजारी, कागदात गुंडाळलेल्या त्याच चार गोळ्या मला दिसायच्या. म्हातारी म्हणायची, “अडीनडीला असू द्यात.” म्हणून आम्ही तांब्याभर पाणी मागून समोरच गिळायला लावत असू. पण मळ्यात गेलेल्या माणसाचं काय? ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचं काय? दारावर कुलूप असलं की भिंतीवर तारीख टाकून पुढे जायचं. आत कुणाच्या रक्तात काय आहे, ते कोण बघणार?

अशा वेळी कुणालाही वाटेल, औषध भाकरीबरोबरच पोटात गेलं तर?

ब्राझीलच्या त्या डॉक्टरांचं नाव मारिओ पिनोटी. ते तिथल्या राष्ट्रीय मलेरिया सेवेचे प्रमुख होते, पुढे आरोग्यमंत्री झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर जगभर डीडीटीचा जमाना होता. घराच्या आतल्या भिंतींवर डीडीटी मारायची, रक्त पिऊन जड झालेला डास भिंतीवर टेकला की मरतो, हे त्यातलं सूत्र. आपल्याकडेही मुंबई इलाख्यात डी. के. विश्वनाथन यांनी धारवाड आणि कारवारच्या बाजूला हेच करून दाखवलं होतं, आणि १९५३ साली देशभराचा हिवताप नियंत्रण कार्यक्रम त्याच पायावर उभा राहिला. पिनोटींची अडचण वेगळी होती. ॲमेझॉनच्या जंगलातल्या कित्येक घरांना भिंतीच नव्हत्या. चार खांब, वर पाल्याचं छप्पर. फवारणार कशावर? शिवाय वस्त्या नदीकाठानं शेकडो मैल विखुरलेल्या. गोळ्या वाटायला माणूस पाठवायचा तर तो दोन महिन्यांनी परत यायचा. मात्र त्या लोकांना बाहेरून एक गोष्ट घ्यावीच लागे, ती म्हणजे मीठ. म्हणून १९५०च्या दशकात त्यांनी मिठातच क्लोरोक्विन मिसळायची कल्पना मांडली, आणि दशक संपता संपता ॲमेझॉनच्या भागात ते मीठ वाटलंही गेलं. जगाच्या वैद्यकीय पुस्तकांत ही पद्धत पिनोटींच्याच नावानं ओळखली जाते.

गरिबातला गरीब माणूसही मिठावाचून राहत नाही, हे इंग्रजांनाही ठाऊक होतं. म्हणून तर त्यांनी कर मिठावर बसवला, आणि म्हणूनच गांधीजींनी १९३० साली लढ्यासाठी मीठच उचललं. घरोघर पोचणारी वाट सरकार नेहमीच शोधत असतं. मिठाआधी पोस्टाची वाट वापरून झाली होती. १८९२ पासून बंगालमधल्या पोस्टांत क्विनाईनच्या पैशा-पैशाच्या पुड्या विकायला ठेवल्या होत्या. आमच्या आजोबांच्या पिढीची माणसं त्याला कोयनेल म्हणत, आणि नुसतं नाव काढलं तरी तोंड वाकडं करत.

आता पिनोटींचा हिशोब बघा. मला हिशोबात गोडी आहे, आमच्या खात्यात सगळं कोष्टकातच असायचं. मलेरिया होऊ नये म्हणून मोठ्या माणसाला आठवड्याला ३०० मिलिग्रॅम क्लोरोक्विन लागतं. माणूस दिवसाला साधारण १० ग्रॅम मीठ खातो असं धरा. आठवड्याचं झालं ७० ग्रॅम. म्हणजे ७० ग्रॅम मिठात ३०० मिलिग्रॅम औषध बसलं पाहिजे, शेकडा प्रमाण साधारण ०.४३. कागदावर अगदी चोख.

पण हा हिशोब मनमाडच्या एकाच घरात लावून बघा. थोरला मुलगा एफसीआयच्या धान्यगोदामात पोती वाहतो. दुपारी बाजरीची भाकरी, ठेचा, वर कांदा, आणि दिवसभर घाम. त्याचं मीठ १० ग्रॅमच्या पुढे. आजोबांना रक्तदाब, डॉक्टरांनी मीठ तोडलंय, त्यांची भाजी वेगळी. सून गरोदर, तिला काही दिवस खारट सोसतच नाही, पुढे लोणच्यावाचून घास उतरत नाही. पाळण्यातलं बाळ अंगावर पितंय, त्याचं मीठ शून्य. आणि हिवतापानं सगळ्यात जास्त दगावतात ती लहान मुलंच, हे जगभरच्या आकड्यांत दिसतं. एकाच डब्यातलं मीठ, एकच चिमूट, आणि चार माणसांना चार डोस. त्यातला एकही मी माझ्या वहीत लिहू शकत नाही.

पुन्हा मीठ काही एकाच वाटेनं घरात येत नाही. आज पुडे आलेत, पण पूर्वी खडामीठ पोत्यानं यायचं. दुकानाबाहेर मिठाची पोती रात्रभर तशीच पडून असत, मीठ कोण चोरणार म्हणून. लोणच्याच्या दिवसांत बायका आठवडे बाजारातून खडामीठ मापानं आणत. त्यातलंच बैलाला, त्यातलंच पापडाच्या पिठात. औषधी मीठ कडवट लागायला लागलं की माणूस गुपचूप जुन्या वाटेचं मीठ आणणार. त्यात चार महिने पावसाची दमट हवा. मीठ ओलं होतं, पाणी धरतं, आणि पाण्यात विरघळणारं क्लोरोक्विन त्याबरोबर पोत्याच्या तळाशी झिरपतं. वरचं मीठ बिनऔषधाचं, खालचं दुप्पट औषधाचं.

हे सगळं असूनही प्रयोग जमला, निदान एका ठिकाणी. दक्षिण अमेरिकेतल्या ब्रिटिश गयानात, म्हणजे आजच्या गयानात, जॉर्ज जिल्योली नावाचे इटालियन वंशाचे डॉक्टर होते. किनारपट्टीवरचा मलेरिया त्यांनी डीडीटीनं संपवला होता. आतल्या रुपुनुनीच्या माळरानात आणि जंगलात आदिवासी वस्त्या, तिथं डीडीटी लागू पडेना. १९६१ पासून त्यांनी त्या भागात जाणाऱ्या सगळ्या मिठात क्लोरोक्विन मिसळलं. बाहेरून दुसरं मीठ येण्याच्या वाटा थोड्या, त्यामुळे बंदोबस्त करणं शक्य झालं. चार-पाच वर्षांत बहुतेक भागातला मलेरिया जवळजवळ नाहीसा झाला. एका पट्ट्यात मात्र फॅल्सिपेरम जातीचे जंतू त्या औषधाला जुमानेनात. तिथं पुन्हा फवारणीचे पंप काढावे लागले.

खरी मेख त्या एका पट्ट्यात आहे, आणि ती समजायला जंतूची चाल माहीत हवी.

मलेरियाचा जंतू रक्ताच्या तांबड्या पेशीत शिरतो, वाढतो, फुटतो. फॅल्सिपेरम आणि व्हायव्हॅक्स, आपल्याकडच्या दोन्ही मुख्य जातींचं हे चक्र ४८ तासांचं. एकातून दहा-वीस होतात, पेशी फोडून बाहेर पडतात, तेव्हा हुडहुडी भरते. दर दोन दिवसांनी नवी पिढी, एका माणसाच्या अंगात कोट्यवधी जंतू. एवढ्या गर्दीत एखादा जरा वेगळा निपजतोच. औषध पूर्ण मात्रेत आलं तर तोही मरतो. अर्ध्या मात्रेत आलं तर कमजोर मरतात आणि तेवढा एक तरतो. मैदान मोकळं झालेलं असतं, पुढची सगळी प्रजा त्याचीच. मग डास येतो आणि ती शेजारच्या घरी नेतो. मिठातून रोज थोडं थोडं औषध सगळ्या गावाच्या रक्तात, कुणाच्या जास्त, कुणाच्या कमी. कणखर जंतू निवडून काढायला याहून सोयीची व्यवस्था मुद्दाम केली तरी साधणार नाही.

डच अमलाखालच्या न्यू गिनीत पायरिमेथामीन हे दुसरं औषध मिठातून दिलं, तर थोड्याच काळात जंतू त्याला दाद देईनासे झाले. कंबोडियात थायलंडच्या सरहद्दीला लागून पायलिन नावाचा भाग आहे. तिथं तेव्हा माणकांच्या आणि नीलमण्यांच्या खाणी होत्या. पोटासाठी लांबलांबून मजूर येत, जंगलात झोपत, ताप घेऊन परत जात. १९६०च्या सुमारास तिथंही औषधी मीठ दिलं गेलं. क्लोरोक्विनला न जुमानणारा फॅल्सिपेरम जगात पहिल्यांदा पक्का झाला तो याच सरहद्दीवर आणि पलीकडे दक्षिण अमेरिकेत कोलंबियात. आशियातला हा हट्टी जंतू पुढे सरकत गेला. १९७३ साली आपल्याकडे आसामच्या कार्बी आंगलाँगमध्ये सापडला, आणि ७०चं दशक संपता संपता पूर्व आफ्रिकेत पोचला. तिथं त्यानं लहान मुलांचे जे बळी घेतले, त्याची मोजदाद करवत नाही.

याला मीठच जबाबदार, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. सरहद्दीवर गोळ्या निकामी ठरू लागल्याच्या खुणा मीठ येण्याच्या आधीपासून दिसत होत्या, आणि त्या काळात क्लोरोक्विन जगभर लेमनच्या गोळ्यांसारखं वाटलं जात होतं. अर्धी गोळी देवळीत ठेवणाऱ्या आमच्या म्हाताऱ्यांचाही त्यात खारीचा वाटा असेल. १९८८ साली एका अभ्यासकानं शास्त्रीय नियतकालिकात हाच प्रश्न मथळ्यात विचारला होता, की औषधी मिठानं या हट्टी जंतूचा फैलाव लवकर घडवला का? माझ्या मते लवकर घडवला असणार. निदान त्याला मदत तरी केली असणार. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत आमच्या पिशवीतून फॅल्सिपेरमसाठीचं क्लोरोक्विन गेलं आणि आर्टिमिसिनीनचा संयुक्त औषधोपचार आला. २०१०पासून देशभर तोच नियम. व्हायव्हॅक्सला मात्र क्लोरोक्विन अजून लागू पडतं, पण तो जंतू यकृतात दडून बसतो आणि महिन्या-दोन महिन्यांनी उठतो. त्याला उठवून लावायला चौदा दिवसांचं प्रायमाक्विन. ते मिठातून देण्याची गोष्टच नको. काही माणसांच्या रक्तात जी६पीडी नावाचं विकर जन्मतः कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी त्या औषधानं फुटतात.

शेठ म्हणतील, मग आयोडीन कसं चालतं? चालतं, कारण ते औषध नव्हेच, ते अन्न आहे. हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांनी तपासून पाहिलं, की काही गावांना आयोडीनचं मीठ दिलं आणि काहींना साधं, तर गळ्याला गाठ येणं कुठे कमी होतं. आयोडीनच्या गावांत गलगंड उतरला. १९६२ साली त्यावरून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. नियम असा, की घरात पोचलेल्या मिठात दशलक्ष भागांना १५ भाग आयोडीन असावं. दहा ग्रॅम मिठात ते १५० मायक्रोग्रॅम होतं, मोठ्या माणसाची रोजची गरज बरोबर तेवढीच. कुणी थोडं जास्त खाल्लं, कुणी कमी, तरी फारसं बिघडत नाही, शरीर सांभाळून घेतं. आणि आयोडीनला हट्टी होणारा कुणी जंतू समोर उभा नसतो. तरीही त्यावरून केवढं रामायण झालं. २००० साली केंद्रानं साध्या मिठावरची बंदी उठवली, २००६च्या मे महिन्यात पुन्हा घातली, आणि सक्ती योग्य की अयोग्य हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. अन्नातल्या एका कणासाठी एवढं, मग मलेरियाच्या औषधासाठी लोकांची संमती कोण, कशी घेणार होतं? रुपुनुनीतल्या वस्त्यांना कुणी विचारलं असेल, असं मला वाटत नाही.

मिठातलं औषध खऱ्या अर्थानं यशस्वी झालं ते दुसऱ्याच रोगात. हत्तीरोगात. हा रोगही डासानंच येतो, पण जंतू नव्हे, दोऱ्यासारखे बारीक कृमी. नर-मादी लसिकावाहिन्यांत पाच-सात वर्षं ठाण मांडून राहतात आणि लाखो पिल्लं रक्तात सोडतात. यातली गंमत अशी, की ती पिल्लं माणसाच्या अंगात वाढून मोठी होत नाहीत. त्यांना आधी डासाच्या पोटात जावंच लागतं. म्हणजे हिवतापासारखी दर दोन दिवसांनी नवी फौज इथं उभी राहत नाही. डीईसी नावाचं औषध सहा महिने, वर्षभर, थोडं थोडं पोटात गेलं तर पिल्लं मरत राहतात आणि डासाला उचलायला काही उरत नाही. घाई नको, मोठा डोस नको. कमी मात्रेत चव लागत नाही, फोडणीच्या आचेनं बिघडत नाही. हे औषध १९४७ साली अमेरिकेतल्या लेडर्ले कंपनीत तयार झालं, आणि तिथले संशोधनप्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. त्यांचं नाव आपल्याकडे शाळेत शिकवत नाहीत, याचा मला राग आहे. डीईसी मिठातून देता येतं हे ब्राझीलमध्ये करून दाखवलं फ्रँक हॉकिंग यांनी, १९६७ साली. म्हणजे विश्वाच्या उत्पत्तीवर लिहिणाऱ्या स्टीफन हॉकिंगचे वडील.

चीननं ते मीठ कोट्यवधी लोकांना खाऊ घातलं, आणि २००७ साली हत्तीरोग सार्वजनिक प्रश्न म्हणून संपल्याचं जाहीर झालं. आपल्याकडेही १९७०च्या दशकात लक्षद्वीपला आणि १९८०च्या दशकात कराईकलला डीईसीच्या मिठाचे प्रयोग झाले, रुग्ण कमी झाले. अलीकडे निकोबारच्या नानकौरी बेटांवरही तेच केलं गेलं. आपल्याकडची ही नावं पुन्हा वाचा. बेटं, नाहीतर किनाऱ्यावरचा चिमुकला तुकडा. जिथं मीठ एका बोटीतून, एका गोदामातून येतं. मनमाडसारख्या जंक्शनला, जिथं दिवसाकाठी चारी दिशांच्या गाड्या थांबतात आणि कुणीही कुठूनही काहीही आणतो, तिथं कुठल्या पोत्याची झडती घेणार?

आणि आमच्या गावातल्या तापाचं मूळ तर मिठाच्या डब्याशेजारच्या पिंपात आहे. मनमाडला पाणी वागदर्डीच्या धरणातून येतं, धरण भरतं पालखेड कालव्याच्या आवर्तनावर. उन्हाळ्यात नळ पंधरा पंधरा दिवसांनी, कधी त्याहून उशिरा येतो. म्हणून घरात प्लॅस्टिकचे ड्रम, गच्चीवर टाकी, न्हाणीत हौद, दारात रांजण. डासाचं अंडं ते उडणारा डास हा प्रवास गरम हवेत आठ-दहा दिवसांचा. म्हणजे नळ एकदा येऊन पुन्हा यायच्या आत एक पिढी उडून जाते. ॲनोफेलीस स्टिफेन्सी हा शहरी मलेरियाचा डास स्वच्छ, झाकण न लावलेल्या पाण्यावरच खूश असतो. मुंबईतही हाच होता. बेंटली नावाच्या डॉक्टरांनी १९११ साली मुंबईच्या मलेरियाचं कूळ शोधलं ते विहिरींत, आणि विहिरी बुजवायला किंवा घट्ट झाकायला लावल्या, तेव्हा धर्माचा प्रश्न होऊन केवढा गदारोळ झाला होता. मनमाडच्या ड्रमपाशी निदान धर्म आडवा येत नाही.

आम्ही ड्रमपाशी कसे बघत असू, ते सांगतो. बॅटरी पाण्यावर तिरपी धरायची. उजेड पडला की अळ्या खाली बुडतात, म्हणून हलायचं नाही. मिनिटभरात त्या वर येतात. पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, काडीसारखी आडवी पडलेली ती ॲनोफेलीसची. डोकं खाली, शेपटी वर करून तिरपी लटकलेली ती डेंग्यूच्या एडीसची, नाहीतर क्युलेक्सची. क्युलेक्स बहुतेक गटारात, म्हणून ड्रममध्ये लटकलेली दिसली की आम्ही एडीसच धरायचो. मग अबेट या अळीनाशकाचे थेंब, किंवा अळ्या खाणारे गप्पी मासे, किंवा सरळ पाणी झाडांना. पाणी झाडांना म्हटलं की घरातली बाई अशी बघायची, की मलाच लाज वाटायची. पंधरा दिवसांनी आलेलं पाणी ओतून दे म्हणणारा मी कोण? म्हणूनच आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, म्हणजे सगळी भांडी रिकामी करा, असं भिंतीवर रंगवलं तरी कुणी पाळलं नाही. त्याऐवजी, जुन्या साडीचा तुकडा ड्रमच्या तोंडाला दोरीनं घट्ट बांधा, एवढंच सांगायला लागलो. ते बायकांनी केलं. आमच्या जिल्ह्याच्या कुठल्याही अहवालात त्या साड्यांचा रकाना नव्हता.

पिनोटींची मूळ कल्पना वाया गेली असं मात्र म्हणता येत नाही. निरोगी माणसालाही आधीच औषध द्यावं, ही तिची गाभ्याची गोष्ट. आज आफ्रिकेत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला पावसाळ्याचे चार-पाच महिने, महिन्यातून एकदा, पाच वर्षांखालच्या मुलांना मलेरियाची दोन औषधं एकत्र करून देतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१२ साली ही शिफारस केली. फरक एवढाच, की आई मुलाला मांडीवर घेते, कार्यकर्ती वयाप्रमाणे गोळी विरघळवते आणि थेंब तोंडात जाईपर्यंत हलत नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणारी आर२१ ही मलेरियाची लसही २०२३ साली संघटनेनं मान्य केली, तीही ठरलेल्या वयाच्या मुलांना, मोजून.

हत्तीरोगातसुद्धा मीठ मागे पडलं आणि गोळी परत आली. आपल्या विदर्भात हा रोग अजून आहे. २०१९च्या जानेवारीत नागपूर जिल्ह्यात तीन औषधं एकत्र द्यायची मोहीम सुरू झाली, देशातल्या पहिल्या काही जिल्ह्यांपैकी एक. तिसरं औषध आयव्हरमेक्टिन, ते उंचीच्या मापानं द्यायचं असतं. म्हणून कार्यकर्ते दारात उंचीची काठी घेऊन जात. माणसाला भिंतीला पाठ लावून उभं करायचं, काठी शेजारी धरायची, खुणेप्रमाणे गोळ्या मोजायच्या, जेवण झालंय का विचारायचं, दोन वर्षांखालचं बाळ, गरोदर बाई आणि आजारी माणूस वगळायचा, आणि पाण्याचा पेला हातात देऊन समोर गिळून घ्यायचं.